कॉलेजसाठी लॅपटॉप: पुढे बदलता येणार नाही ते आधी पाहावे

नमस्कार. आपल्या प्रश्नाचा सारांश असा की, मुलीचा नाशिकमध्ये संगणक अभियांत्रिकीचा प्रवेश जवळपास ठरला आहे, ती निफाड तालुक्यातील गावाहून येऊन वसतिगृहात राहणार आहे, आणि लॅपटॉप व इतर साहित्य मिळून ७०,००० रुपयांची तजवीज आपण केली आहे. पुतण्याचा आग्रह गेमिंग लॅपटॉपचा आहे, दुकानदाराने आय-सेव्हन प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमचा (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) पातळ टचस्क्रीन लॅपटॉप दाखवला आहे, तर मेहुण्यांच्या ओळखीत एका कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप निम्म्याहून कमी पैशांत मिळतो आहे. मी नाशिकमध्ये बरीच वर्षे लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो, विक्री करीत नाही. विद्यार्थ्यांचे लॅपटॉप तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणत्या अवस्थेत टेबलावर येतात हे रोज पाहून माझी जी मते बनली आहेत, ती येथे सविस्तर मांडतो.

लॅपटॉपचे जे भाग पुढे बदलता किंवा वाढवता येत नाहीत, त्यांवर आज पैसे घालावेत. जे पुढे वाढवता येतात, त्यांच्या बाबतीत आज हात आखडता घेतला तरी चालतो. प्रोसेसर, स्क्रीनचा दर्जा, बांधणी आणि बिजागऱ्या पहिल्या गटात मोडतात. एसएसडी (फायली साठवण्याचा भाग) आणि बॅटरी बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येतात. रॅमचे मात्र मॉडेलगणिक वेगळे असते, आणि सर्वांत जास्त फसगत तिथेच होते.

त्याआधी वेळेविषयी थोडे सांगतो. प्रवेश पक्का होईपर्यंत खरेदी करू नये. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, पुढच्या फेरीत बेटरमेंट (वरच्या पसंतीची जागा) मिळून शाखा किंवा कॉलेज बदलल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात, आणि शाखा बदलली की लॅपटॉपची गरजही बदलते. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना सॉलिडवर्क्स आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना रेव्हिट, स्टॅड प्रो लागते. ही सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालतात, त्यामुळे त्या शाखांसाठी मॅकबुक घेणे म्हणजे पुढचा त्रास विकत घेणे आहे. हीच सावधगिरी स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपबाबत बाळगावी. त्यांची बॅटरी उत्तम टिकते, परंतु अभियांत्रिकीची काही सॉफ्टवेअर आणि प्रयोगशाळेतील उपकरणांचे ड्रायव्हर त्यांवर अडतात. संगणक शाखेला पहिल्या सत्रापासून घरी कोड लिहून पाहण्याचा सराव हवा असतो, म्हणून आपल्या मुलीसाठी कॉलेज सुरू होतानाच लॅपटॉप घ्यावा. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असते, तर पहिले सत्र कॉलेजच्या लॅबवर भागवून दिवाळीच्या सुमारास घ्या, असे मी सांगितले असते.

आता प्रोसेसर. आय-सेव्हन हा शब्द ऐकला की पालकांना सर्वांत भारी वस्तू मिळाल्यासारखे वाटते, पण लॅपटॉपमध्ये त्या शब्दाला एकट्याने फारसा अर्थ नसतो. इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय-फाइव्ह १२३५यू आणि आय-सेव्हन १२५५यू या दोन्हींत दोन वेगवान आणि आठ किफायतशीर असे दहाच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत. फरक वेगात थोडासा, किमतीत मात्र बराच असतो. एएमडीच्या बाबतीत याहून बारकाईने पाहावे लागते. रायझनच्या ७००० मालिकेतील यू प्रकारच्या प्रोसेसरांमध्ये चार अंकी क्रमांकाचा तिसरा अंक आतील रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो अंक दोन आहे, म्हणजे रचना जुनी झेन २ आहे आणि कोअर चारच. रायझन ५ ७५३०यू मध्ये तो तीन आहे, रचना झेन ३ आणि कोअर सहा. दुकानाच्या पाटीवर दोन्हींपुढे फक्त ‘रायझन ५’ लिहिलेले असते. म्हणून दुकानदाराकडून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. इंटेलमध्ये अलीकडच्या पिढीतला आय-फाइव्ह किंवा त्याच्या जागी आलेला कोअर ५, आणि एएमडीमध्ये झेन ३ किंवा त्यापुढचा सहा कोअरचा रायझन ५ आपल्या मुलीच्या चारही वर्षांना पुरेसा आहे.

रॅम १६ जीबी हवी, आणि याबाबत मी तडजोड सुचवणार नाही. विंडोज सुरू होऊन ब्राउझरमध्ये चार-सहा पाने उघडली की ८ जीबीतील निम्म्याहून अधिक जागा संपलेली असते. पहिल्या वर्षी सी आणि पायथनसाठी ते चालून जाते. पुढे मोबाइल अ‍ॅप बनवण्याची अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह (पडद्यावरचा नकली फोन) चालवायची, व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातला आभासी संगणक) लिनक्स चालवायचे किंवा डेटाबेस आणि ब्राउझर एकत्र उघडे ठेवायचे म्हटले, की लॅपटॉप अडखळू लागतो. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच (लॅपटॉपची मुख्य सर्किट पट्टी) कायमची जोडलेली असते आणि वेगळी खाच नसते. अशा वेळी ८ जीबीची १६ जीबी करणे व्यवहार्य राहत नाही. दुकानात सुरू असलेल्या नमुन्यावर हे तपासता येते: टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स, त्यात मेमरी निवडावी, आणि खाली ‘फॉर्म फॅक्टर’ समोर काय लिहिले आहे ते पाहावे. तेथे ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले तर रॅम जोडलेली आहे; ‘एसओडीआयएमएम’ दिसले तर खाचेत बसवलेली आहे. काही मॉडेलमध्ये ८ जीबी जोडलेली आणि शिवाय एक खाच रिकामी असते. तो प्रकार चांगला, कारण आज पैसे कमी पडले तरी पुढच्या वर्षी ८ जीबी वाढवता येते. आपल्याला दाखवलेला आय-सेव्हनचा लॅपटॉप जर जोडलेल्या ८ जीबी रॅमचा असेल, तर १६ जीबीचा आय-फाइव्ह त्याहून नक्कीच सरस ठरेल.

एसएसडी ५१२ जीबीची पुरे. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसेल. मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने तसे दिसते, त्यात कोणी जागा चोरलेली नसते.

स्क्रीनकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. याच स्क्रीनकडे मुलगी चार वर्षे पाहत बसणार आहे. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचे माप) आणि ‘२५० निट्स’ (उजेडाचे माप) असे लिहिले असेल, तर रंग फिके आणि उजेड बेताचा समजावा. संगणक शाखेला रंगांचे फार अडत नाही, परंतु खिडकीजवळ बसून काम करताना ३०० निट्स आणि त्यापुढचा उजेड डोळ्यांना सुखाचा असतो. स्क्रीन आयपीएस प्रकारची (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारी) असावी आणि १९२० गुणिले १०८० पेक्षा कमी नसावी. १९२० गुणिले १२०० ची थोडी उंच स्क्रीन त्याच किमतीत मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण कोडच्या अधिक ओळी एका नजरेत दिसतात. टचस्क्रीनसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. ती फुटली की बदलण्याचा खर्चही साध्या स्क्रीनपेक्षा अधिक येतो.

बिजागरीबद्दल मात्र मला थांबून सांगायचे आहे, कारण विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपचे जे मोठे नुकसान मी पाहतो, त्यातील बराच भाग तिथूनच सुरू होतो. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये धातूची बिजागरी खालच्या प्लास्टिकच्या भागाला बारीक स्क्रूंनी बसवलेली असते, आणि ते स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत फिरतात. बिजागरी काही काळाने घट्ट होत जाते. विद्यार्थी स्क्रीन नेहमी उजव्या कोपऱ्याला धरून उघडतात. त्यामुळे सगळा पीळ एकाच बाजूच्या बिजागरीवर येतो आणि एके दिवशी पितळी नळी प्लास्टिकचा तुकडा घेऊन उपटून निघते. सुरुवातीला कोपऱ्यात केसाएवढी फट दिसते आणि उघडताना बारीक कट् असा आवाज येतो. तेवढ्यावर आणले, तर दुरुस्ती थोडक्यात होते. पण परीक्षा संपू द्या म्हणून महिना-दोन महिने तसाच वापरला, की सुटलेली बिजागरी स्क्रीनची चौकट फाकवते, तिथून जाणारी स्क्रीनची वायर तुटते, आणि शेवटी पॅनेलला तडा जातो. मग खर्च इतका होतो की पालक नवा लॅपटॉप घेण्याचा विचार करू लागतात.

म्हणून दुकानात लॅपटॉप हाती घेतल्यावर स्क्रीन वरच्या कडेच्या मध्यभागी एका बोटाने उचलून पाहावी. ती सहज आणि दोन्ही बाजूंनी सारखी उघडली पाहिजे. खालचा भाग टेबलावरून पूर्ण वर उचलला जात असेल, तर बिजागरी त्या बांधणीच्या मानाने फार घट्ट आहे. मग लॅपटॉप बंद करून एका कोपऱ्यात धरून उचलावा. हातात वाकल्याचे किंवा करकरल्याचे जाणवले तर दुसरे मॉडेल पाहावे. कीबोर्डच्या मध्यभागी अंगठा दाबला असता तो खोल दबू नये. या तपासण्यांना दोन मिनिटे लागतात. ऑनलाइन मागवायचा असला तरी आधी एम. जी. रोडवर किंवा कॉलेज रोडच्या परिसरात कंपनीच्या दालनात तेच मॉडेल हाताळून यावे. घरी मुलीलाही सवय लावावी की स्क्रीन नेहमी मधोमध धरूनच उघडायची आणि बंद करायची.

पुतण्याच्या सूचनेकडे वळतो. गेमिंग लॅपटॉप शक्तिशाली असतात हे खरे, पण त्यांचे वजन साधारण सव्वादोन ते अडीच किलो, वर अर्ध्या किलोच्या आसपास चार्जर. चार्जरशिवाय ते वर्गात फार वेळ टिकत नाहीत, आणि शेवटच्या बाकांवर प्लग मिळेलच असे नसते. वेगळ्या ग्राफिक्स कार्डची खरी गरज आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना असते. संगणक शाखेत ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी मशीन लर्निंगचा विषय घेतल्यावर भासू शकते, आणि तेव्हाही गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मर्यादित वेळ जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) मोफत मिळतो. त्यासाठी चार वर्षे अडीच किलो पाठीवर वाहण्यात अर्थ नाही. १४ किंवा १५.६ इंचाचा, दीड ते पावणेदोन किलोचा लॅपटॉप पाहावा. बॅटरी वॉट-अवरमध्ये मोजतात. हा आकडा ५० च्या पुढे असावा. यूएसबी-सी ने चार्ज होणारा लॅपटॉप मिळाल्यास उत्तम, कारण चार्जर बिघडला तर ६५ वॉटचा दुसरा सहज मिळतो.

कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप ही कल्पना मी झटकून टाकणार नाही. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या कार्यालयीन मालिकांची बांधणी आणि कीबोर्ड घरगुती मालिकांपेक्षा सहसा दणकट असतात. पैशांची खरोखरच ओढाताण असती, तर मी तोच मार्ग सुचवला असता. परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. त्याहून जुना कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुसरे असे की, कंपनीने लॅपटॉप स्वतःच्या व्यवस्थेतून मुक्त केलेला नसेल, तर विंडोज नव्याने टाकताच तो त्या कंपनीचे खाते मागतो आणि पुढे जाऊ देत नाही. बायॉसला (विंडोजच्या आधी सुरू होणारी मूळ प्रणाली) कंपनीचा पासवर्ड असला तर काम आणखी कठीण होते. तेव्हा विंडोज समोर पुन्हा टाकून दाखवायला सांगावे, विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता यांतील तफावत पाहावी, आणि कंपनीने विक्री केल्याचा कागद मागावा. आपली तजवीज पाहता नवा, वॉरंटीचा लॅपटॉप घेणेच मला योग्य वाटते: ५५,००० च्या आसपास लॅपटॉप आणि उरलेल्या रकमेत बाकीचे साहित्य.

खरेदीच्या दिवशी जीएसटीचे पक्के बिल मुलीच्या नावे घ्यावे आणि त्यावर सिरियल क्रमांक आहे ना ते पाहावे. तोच क्रमांक खोक्यावर आणि लॅपटॉपच्या पाठीवर असला पाहिजे. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटीची तारीख तिथल्या तिथे तपासता येते. एक वर्षाची वॉरंटी वाढवून घ्यायची असेल, तर अपघाती नुकसान धरणारी योजना निवडावी, कारण वसतिगृहात पडणे आणि पाणी सांडणे हेच जास्त घडते आणि साध्या वॉरंटीत ते बसत नाही.

दुकानदार सौजन्याने लॅपटॉप सुरू करून देतो आणि अनेकदा स्वतःच्याच ईमेलने किंवा घाईत बनवलेल्या खात्याने नोंदणी करून टाकतो. हे होऊ देऊ नये. अनेक नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच एसएसडीवरील माहिती आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात साठवली जाते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस अपडेट झाले, की लॅपटॉप ती की मागू शकतो; खाते कोणाचे हे आठवत नसेल, तर आतील प्रोजेक्ट, फोटो, नोट्स परत मिळवण्याचा मार्ग माझ्याकडेही नाही, अन्य कोणाकडेही नाही. प्रोजेक्ट सादर करण्याच्या आदल्या दिवशी रडवेल्या चेहऱ्याने आलेल्या मुलांना हे सांगावे लागते, तेव्हा फार वाईट वाटते. खाते मुलीच्या स्वतःच्या ईमेलने, तिच्या हातून उघडावे, आणि ती की कागदावर उतरवून गावच्या घरी कपाटात ठेवावी. सोबत ऑफिस आले असेल तर तेही त्याच खात्यावर ठरलेल्या मुदतीत सुरू करून घ्यावे.

लॅपटॉपनंतर सर्वांत आधी घ्यायची वस्तू म्हणजे सर्ज संरक्षण असलेला, आयएसआय चिन्हाचा, तीन पिनांचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, म्हणून स्टॅबिलायझर लागत नाही; पण पावसाळ्यात वीज जाऊन परत येताना बसणारा झटका चार्जरला आणि कधी मदरबोर्डलाही भोवतो. वसतिगृहाच्या खोलीत लॅपटॉप चार्जिंगला असताना धातूच्या भागावर हात फिरवल्यावर मुंग्यांसारखी झिणझिण जाणवली, तर त्या प्लगला अर्थिंग नाही असे समजून लगेच व्यवस्थापनाला कळवावे, आणि दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून चार्जर कधीही वापरू नये.

बॅकअपसाठी १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी आणि ती कॉलेजात न नेता खोलीवरच ठेवावी. पेन ड्राइव्ह वेगळी. ती लॅबमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानात फिरणार, व्हायरस घेऊन येणार, म्हणून तिच्यात एकमेव प्रत कधीच असू नये. चालू असाइनमेंट गुगल ड्राइव्हवर ठेवाव्यात, तिथे १५ जीबी मोफत मिळते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल यांच्या स्कॅन प्रतीही तिथेच ठेवाव्यात, कारण महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरताना त्या लागतात. आणि मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री आताच करून घ्यावी, अन्यथा शिष्यवृत्तीची रक्कम अडकते.

बॅग घेताना पाठीकडच्या कप्प्याचा तळ जाड गादीचा आहे का ते पाहावे. बॅग जमिनीवर टेकताना बसणारा धक्का लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यालाच लागतो. नाशिकच्या पावसात, विशेषतः त्र्यंबकच्या बाजूला कॉलेज असेल तर, बॅगेवरचे आवरण पुरत नाही. आत लॅपटॉपला वेगळे जलरोधक पाकीट हवे. तरीही पाणी गेलेच, तर चार्जर काढून पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा, उघडून तंबूसारखा पालथा ठेवावा, आणि सुरू होतो का हे पाहण्याचा मोह पूर्ण टाळून दुरुस्तीला आणावा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही, उलट कण आत जातात. पाण्याने जितके बिघडत नाही तितके ओल्या लॅपटॉपला वीज दिल्याने बिघडते.

रात्री अंथरुणावर, गोधडीवर ठेवून लॅपटॉप वापरू नये. खालची हवेची जाळी बंद होते. टेबलावर दोन जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून साधा बाहेरचा कीबोर्ड आणि माउस लावला, तर मान खाली घालून बसावे लागत नाही. हा खर्च किरकोळ आहे आणि तो जरूर करावा. मायक असलेला वायरचा हेडफोन घ्यावा. प्रिंटर घेऊ नये, कॉलेजबाहेर प्रिंट स्वस्त मिळतात. ड्राफ्टर, ड्रॉइंग शीट, कॅल्क्युलेटर हे सारे वर्गात सूचना मिळाल्यावरच घ्यावे, कारण परीक्षेत कोणता कॅल्क्युलेटर चालतो याचे नियम असतात.

दुकानदाराने दाखवलेल्या लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक आपण कळवलात, तर त्यातील रॅम जोडलेली आहे की खाचेत बसवलेली, आणि स्क्रीन कोणत्या प्रतीची आहे, हे पाहून मी नेमके सांगू शकेन.